प्राचीन ग्रीक नाण्यांवरील शैलीभेद आणि अनुकरणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीक नाण्याचे छायाचित्र पाठवणारे बहुतेक वाचक एकच गोष्ट विचारतात : नाणे खरे की खोटे? पुष्कळदा ते नाणे दोन हजार वर्षांपूर्वीचे असते, चांदीही चोख असते, पण ज्या शहराची खूण त्यावर दिसते त्या शहराच्या टांकसाळीतून ते निघालेले नसते. अशा नाण्याला खोटे म्हणणे म्हणजे त्यातला इतिहास फेकून देणे होय. म्हणून वारंवार येणारे प्रश्न येथे सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने मांडले आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे लागतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एकाच शहराच्या, एकाच मूल्याच्या दोन नाण्यांवर देवीचा चेहरा इतका वेगळा का दिसतो?

कारण त्या दोन नाण्यांचे ठसे दोन वेगळ्या वेळी, बहुधा दोन वेगळ्या हातांनी कोरलेले असतात. ग्रीक टांकसाळीत एक ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असे. त्यावर धातूची कोरी चकती ठेवून, वर दुसरा ठसा धरून हातोड्याचा घाव घालत. दोन्ही ठशांवर आकृती उलटी आणि खोलगट कोरावी लागे, तीही जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या जागेत. घाव थेट वरच्या ठशावर बसत असल्याने तो लवकर तडकत असे आणि खालचा त्यामानाने जास्त टिके. मोठ्या टांकसाळीला वर्षभरात अनेक ठसे लागत, आणि प्रत्येक ठसा नव्याने हातानेच कोरला जात असल्याने नाक, ओठ, केसांच्या बटा यांत फरक पडणारच.

चित्राचा विषय तोच आणि कोरणारा हात निराळा, याला नाणेशास्त्रात शैलीभेद म्हणतात. विषयच बदलला तर तो शैलीभेद राहत नाही. एजिना बेटाच्या नाण्यांवर आधी समुद्री कासव होते आणि इ.स.पू. ५ व्या शतकात त्याच्या जागी जमिनीवरचे कासव आले. हा बदल कारागिराच्या लहरीने झालेला नाही, तो शहराचा निर्णय होता.

२. अथेन्सची घुबडाची नाणी शतकानुशतके सारखीच दिसतात. मग त्यांचा काळ कसा ठरवतात?

दिसतात सारखी, पण डोळा पाहावा. द्राख्मा हे ग्रीक चलनाचे एकक. अथेन्सच्या चार द्राख्मांच्या नाण्यावर, म्हणजे सुमारे १७.२ ग्रॅमच्या चतुर्द्राख्मावर, पुढे शिरस्त्राण घातलेली अथीना देवी आणि मागे घुबड, ऑलिव्हची डहाळी व शहराच्या नावाची पहिली तीन अक्षरे असतात. इ.स.पू. ५ व्या शतकातल्या नाण्यांवर देवीचा चेहरा बाजूने दाखवलेला असूनही डोळा मात्र समोरून पाहावा तसा, बदामाच्या आकाराचा असतो. इ.स.पू. ४ थ्या शतकात तोच डोळा खऱ्या अर्थाने बाजूने, त्रिकोणी दाखवला जाऊ लागला. डोळ्याएवढी भरवशाची दुसरी खूण नवख्याला क्वचितच मिळते.

त्यानंतरचा टप्पा धातूच्या चकतीवरून कळतो. इ.स.पू. ३५३ च्या सुमारास अथेन्सने जुनी नाणी परत मागवून ती दुमडली आणि त्यांच्यावर नव्याने ठसा मारला. म्हणून त्या काळची नाणी जाड, वेडीवाकडी आणि कडेला घडी पडलेली दिसतात. देवीचे अर्धे शिरस्त्राण चकतीबाहेर गेले असेल तर ते नाणे टाकाऊ मानू नये, कारण तेच त्याचे लक्षण आहे. पुढे इ.स.पू. २ ऱ्या शतकात रुंद, पातळ चकतीची 'नवशैली' नाणी सुरू झाली. त्यांच्यावर घुबड आडव्या पडलेल्या दुहत्ती कुंभावर बसलेले असते, भोवती ऑलिव्हची माळ असते आणि अधिकाऱ्यांची नावे लिहिलेली असतात.

३. अथेन्ससारख्या शिल्पकलेच्या माहेरघराने नाण्यांवर जुनाट चेहरा का चालवून घेतला?

अथीनेचे पार्थेनॉन मंदिर उभे राहत होते त्याच दशकांत नाण्यावरची अथीना मात्र दोन पिढ्यांपूर्वीचे ठेवणीतले हसू हसत होती, हे पाहून आश्चर्य वाटते खरे. कारण बाजारात आहे. लॉरियन येथील खाणींची चांदी अथेन्सबाहेर मोठ्या प्रमाणात जात होती. इजिप्तमधला किंवा सीरियातला व्यापारी ग्रीक वाचू शकत नसला तरी घुबड ओळखत असे, आणि ओळखीच्या रूपात जरा बदल झाला तरी त्याचा हात आखडत असे. अथेन्सने रूप गोठवले ते पत टिकवण्यासाठी.

मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. पेशवाईतल्या टांकसाळींतून निघालेले रुपये मोगल बादशहाच्या नावाने पाडले जात होते. पुण्याच्या अंकुशी रुपयावर अंकुशाची खूण मराठ्यांची आणि नाव बादशहाचे होते. सत्ता कोणाची हे सर्वांना ठाऊक असूनही रयतेच्या आणि सराफांच्या हाताला सवय झालेला छाप कोणी मोडला नाही.

४. अनुकरण, मुलाम्याचे नाणे आणि आधुनिक बनावट यांत नेमका फरक काय?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो. अनुकरण म्हणजे प्राचीन काळीच दुसऱ्या राज्याने, टोळीने किंवा शहराने एखाद्या प्रसिद्ध नाण्याचे रूप घेऊन स्वतःच्या धातूत पाडलेले नाणे. ते चोख असू शकते, आणि बहुतेकदा असतेच. मुलाम्याचे नाणे म्हणजे आत तांबे आणि वर चांदीचा पत्रा चढवलेले, प्राचीन काळीच फसवणुकीसाठी केलेले नाणे. आधुनिक बनावट म्हणजे गेल्या काही शतकांत संग्राहकांना विकण्यासाठी तयार केलेली वस्तू. पहिल्या प्रकारात फसवणूक असेलच असे नाही. दुसऱ्यात फसवणूक आहे, पण प्राचीनत्वही आहे. तिसऱ्यात फसवणुकीशिवाय काहीच नाही.

हा भेद आपण आज लावतो असे नाही, अथेन्सच्या लोकांनीही तो केला होता. इ.स.पू. ३७५/४ मध्ये निकोफॉन नावाच्या नागरिकाच्या प्रस्तावावरून मंजूर झालेला कायदा संगमरवरी शिळेवर कोरलेला आहे. ती शिळा १९७० मध्ये अथेन्सच्या प्राचीन बाजारपेठेच्या उत्खननात मिळाली. त्यात बाजारात बसणाऱ्या सरकारी पारख्याची कामे सांगितली आहेत. हा पारखी सार्वजनिक मालकीचा गुलाम असे. मराठेशाहीत पोतदार जे काम करी, तेच हे काम. समोर आलेले नाणे आतून तांब्याचे, शिशाचे किंवा खोटे निघाले तर त्याने ते तिथल्या तिथे छिन्नीने कापायचे. मग ते नाणे देवमातेच्या मालकीचे होई आणि नगरसभेकडे जमा केले जाई. परंतु अथेन्सचाच छाप असलेले परदेशी नाणे चांगल्या चांदीचे असेल तर ते आणणाऱ्याला परत द्यायचे. पारख्याने मान्य केलेले नाणे व्यापाऱ्याने नाकारले तर त्या दिवशीचा त्याचा विक्रीचा माल जप्त होई. पिरेयस बंदरातील व्यापाऱ्यांसाठीही असाच एक पारखी नेमला होता.

या एका कायद्यातून दोन गोष्टी उघड होतात. परदेशी घुबडे अथेन्सच्या बाजारात इतकी येत होती की त्यांच्यासाठी नियम करावा लागला, आणि त्या नियमाने चोख अनुकरणाला खोट्या नाण्यांच्या रांगेत बसवले नाही.

५. अथेन्सच्या घुबडाची अनुकरणे कोणकोणत्या प्रदेशांत झाली?

इजिप्तपासून येमेनपर्यंत. इजिप्तला स्वतःच्या नाण्यांची परंपरा नव्हती. मात्र ग्रीक भाडोत्री सैनिकांना वेतन द्यावे लागे आणि त्या सैनिकांना घुबडच हवे असे. इ.स.पू. ३४३ मध्ये इराणी सम्राट अर्तक्षत्र तिसरा याने इजिप्त जिंकल्यावर पाडलेल्या काही घुबडांवर त्याचे नाव फेरो या पदवीसह इजिप्तच्या डेमोटिक लिपीत आहे. अथीनाचे डोके, अथेन्सचे घुबड, इराणी सम्राटाचे नाव आणि इजिप्तची लिपी इतक्या गोष्टी एका नाण्यावर एकत्र आलेल्या मला तरी दुसरीकडे दिसलेल्या नाहीत. सबाकेस आणि मझाकेस या तेथील शेवटच्या इराणी सुभेदारांनीही घुबडांवर आपली नावे अरमाईक लिपीत घातली.

गाझा आणि आसपासच्या किनाऱ्यावर लहान घुबडे पाडली गेली. जेरुसलेमभोवतीच्या यहुद प्रांतात तर घुबडाशेजारी प्रांताचे नाव लिहिलेली, एक ग्रॅमपेक्षाही हलकी चांदीची नाणी निघाली. दक्षिण अरबस्तानात, म्हणजे आजच्या येमेनमध्ये, सबाच्या राज्याने आधी जुन्या घुबडाचे आणि नंतर कुंभावर बसलेल्या नवशैली घुबडाचेही अनुकरण केले. तेथील काही नाण्यांवर देवीच्या गालावर दक्षिण अरबी अक्षर असते आणि ते नाण्याचे मूल्य सांगते. धूप आणि ऊद विकून हाती येणारी चांदी ज्या रूपात येत होती, तेच रूप त्यांनी आपले केले.

६. कोरणी ओबडधोबड असेल तर नाणे अनुकरणच समजायचे का?

समजू नये. ही चूक सर्वाधिक होते, आणि नवखेच ती करतात असेही नाही. अथेन्समध्ये युद्धाच्या वर्षांत नाण्यांची मागणी वाढली की घाईघाईने कोरलेले ठसे वापरात येत. अधिकृत टांकसाळीतही एखादे अक्षर उलटे कोरले जाई. दुसऱ्या बाजूने इजिप्तमधली काही अनुकरणे इतकी सफाईदार आहेत की केवळ डोळ्यांवर विसंबून त्यांचे मूळ सांगता येत नाही.

भरवशाचा मार्ग ठशांच्या साखळीचा आहे. दोन नाणी एकाच ठशातून निघाली आहेत काय, हे ठशावरचा ओरखडा, तडा किंवा केसाची एखादी बट जुळवून ठरवता येते. समजा, पुढच्या बाजूचा ठसा 'अ' एका नाण्यावर मागच्या 'क' ठशाबरोबर आणि दुसऱ्या नाण्यावर 'ख' ठशाबरोबर आढळला, तर 'क' आणि 'ख' एकाच टांकसाळीचे ठरतात. अशा शेकडो नाण्यांची साखळी जुळली की टांकसाळीचे कामच डोळ्यांसमोर उभे राहते. एखादे ओबडधोबड नाणे त्या साखळीत बसले तर ते अधिकृत होय. देखणे नाणे साखळीबाहेर राहिले आणि तशी नाणी नेहमी एकाच परक्या प्रदेशात सापडत असली, तर मात्र अनुकरणाचा विचार करावा. शैली हा पहिला संशय असतो. निर्णय ठसे, वजन, धातू आणि सापडण्याचे ठिकाण यांनी होतो.

७. अथेन्सने स्वतःच मुलाम्याची नाणी काढली होती, हे खरे आहे का?

होय. पेलोपोनेशियन युद्धाच्या अखेरीस स्पार्टाच्या सैन्याने डेकेलिया येथे तळ ठोकल्यामुळे लॉरियनच्या खाणींचे काम बंद पडले. अथेन्सने प्रथम विजयदेवीच्या सोन्याच्या मूर्ती वितळवून सोन्याची नाणी पाडली आणि त्यानंतर तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी चलनात आणली. इ.स.पू. ४०५ मध्ये रंगमंचावर आलेल्या ॲरिस्टोफेनीसच्या 'बेडूक' या नाटकात जुनी चोख नाणी बाजूला पडून कालपरवाची हलकी तांब्याची नाणी वापरात आल्याची तक्रार आहे. पुढे ही नाणी रद्द करण्यात आली. म्हणून मुलाम्याचे घुबड दिसताच ते खासगी ठकसेनाचे काम असे ठरवून टाकू नये.

नाण्यावरचा खोल छेद पाहून काहींना वाईट वाटते. आत तांबे तर नाही ना, हे पाहण्यासाठी पूर्वेकडच्या सराफांनी असे छेद सर्रास दिले आहेत. छेदाच्या आतही चांदीच दिसत असेल तर ते नाणे तेव्हाच कसाला उतरले आहे.

८. केवळ सौंदर्यासाठी एखाद्या नाण्याची नक्कल झाल्याचे उदाहरण आहे का?

सिसिलीतील सिराक्यूजचे. इ.स.पू. ५ व्या शतकाच्या अखेरीस तेथील ठसे कोरणाऱ्यांनी नाण्यांवर सह्या करायला सुरुवात केली. किमॉन, एवैनेतोस, एवक्लैदास, फ्रिगिलोस ही नावे आपल्याला माहीत आहेत ती नाण्यांमुळेच. किमॉन आणि एवैनेतोस यांनी दहा द्राख्मांची, सुमारे ४३ ग्रॅमची भारदस्त नाणी कोरली. किमॉनने एका चतुर्द्राख्मावर अरेथूसा या झऱ्याच्या अप्सरेचा चेहरा चक्क समोरून दाखवला. केस पाण्यात तरंगावे तसे पसरलेले, त्यांतून डॉल्फिन डोकावणारे, आणि कपाळावरच्या पट्टीवर बारीक अक्षरांत कोरणाऱ्याचे नाव. समोरून चेहरा कोरणे धाडसाचे असते, कारण नाक सर्वांत उंच राहते आणि वापराने प्रथम तेच झिजते. तरीही हे रूप लोकांच्या मनात भरले. थेसलीतल्या लॅरिसा शहराने आपल्या अप्सरेला हाच चेहरा दिला आणि पार आशिया मायनरमधल्या टार्सस येथे इराणी सुभेदार फार्नाबाझस याच्या नाण्यांवरही तो उतरला.

एवैनेतोसच्या बाजूने दिसणाऱ्या अरेथूसेचे भाग्य आणखी मोठे. मध्य ग्रीसमधल्या ऑपंटियन लोक्रिस या प्रदेशाने ती घेतली, आणि सिराक्यूजचे हाडवैरी असलेल्या कार्थेजनेही घेतली. कार्थेजच्या सिसिलीतील नाण्यांवर पुढे एवैनेतोसच्या धाटणीचे डोके आणि मागे घोडा व खजुराचे झाड असते. काहींवर फिनिशियन लिपीत 'छावणीतील लोक' असा मजकूर असतो, म्हणजे ही नाणी सैन्याच्या वेतनासाठी होती. येथे सौंदर्य आणि व्यवहार वेगळे काढता येत नाहीत. सिसिलीत लढणाऱ्या भाडोत्री सैनिकाला सिराक्यूजचा चेहरा परिचित होता, आणि तो चेहरा देखणाही होता.

९. सिकंदराच्या नाण्यावरचा चेहरा सिकंदराचा आहे का? त्याच्या मृत्यूनंतरच्या नाण्यांना अनुकरणे म्हणायचे का?

चांदीच्या नाण्यांवर सिंहाचे कातडे पांघरलेला ग्रीक वीर हेराक्लीस आहे आणि मागे सिंहासनावर गरुड घेऊन बसलेला देवांचा राजा झ्यूस. पुढे लोकांनी हेराक्लीसमध्ये सिकंदर पाहिला असेल, पण सिकंदराचे निःसंशय चित्र त्याचा सेनापती लायसिमॅकस याच्या नाण्यांवर मिळते. तेथे त्याच्या कानाशी आमोन देवाची मेंढ्याची शिंगे आहेत.

सिकंदर इ.स.पू. ३२३ मध्ये वारला, पण त्याच्या नावाची चतुर्द्राख्मे पुढे अडीचशे वर्षे निघत राहिली. स्वतंत्र ग्रीक शहरांनी आपली खूण घालून अधिकाराने पाडलेल्या या नाण्यांना 'मरणोत्तर' म्हणतात, अनुकरण म्हणत नाहीत. शैलीवरून क्रम लावताना झ्यूसचे पाय पाहतात. आरंभीच्या नाण्यांवर ते बहुधा समांतर असतात, नंतर एक पाय मागे घेतलेला दिसतो. परंतु सर्व टांकसाळींनी हा बदल एकाच वर्षी केला नाही, म्हणून एवढ्यावरून काळ ठरवू नये. काळ्या समुद्रकाठच्या ओडेसोस येथील उशिराच्या काही नाण्यांत हेराक्लीसच्या चेहऱ्यात पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस सहावा ओळखू येतो, असे अभ्यासक मानतात.

खरी अनुकरणे डॅन्यूबच्या खोऱ्यात आणि पूर्व अरबस्तानात झाली. अरबस्तानातल्या नाण्यांवर ग्रीक नावाच्या जागी स्थानिक राज्यकर्त्यांची नावे अरमाईक लिपीत येतात.

१०. प्राचीन युरोपातल्या केल्ट लोकांची नाणी 'बिघडलेली ग्रीक नाणी' असतात का?

मॅसिडोनियाचा फिलिप दुसरा (इ.स.पू. ३५९ ते ३३६) याची नाणी भाडोत्री सैनिक आणि व्यापारी यांच्या हातून युरोपभर पोचली. पश्चिमेकडे गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या प्रदेशात, त्याच्या सोन्याच्या नाण्याचे, म्हणजे अपोलोचे डोके आणि दोन घोड्यांच्या रथाचे अनुकरण झाले. डॅन्यूबकाठी झ्यूस आणि घोडेस्वार असलेल्या चांदीच्या चतुर्द्राख्माचे झाले. पिढ्यांमागून पिढ्या नक्कलेचीच नक्कल होत गेली. रथ गेला, चाक उरले, घोड्याचे सांधे ठिपके झाले आणि अपोलोची माळ चेहऱ्यापेक्षा मोठी झाली. १८५० च्या सुमारास इंग्रज अभ्यासक जॉन एव्हान्स यांनी ब्रिटनमधली नाणी याच क्रमाने लावून दाखवली. वस्तूंचा रूपबदलावरून काळ ठरवण्याच्या पद्धतीचे ते एक आरंभीचे उदाहरण आहे.

क्रम लावण्यासाठी ही पद्धत उपयोगी पडते, पण 'बिघाड' हा शब्द मला पटत नाही. ज्या कारागिराने घोड्याला माणसाचे डोके दिले किंवा चेहऱ्याचे रूपांतर वळणांच्या नक्षीत केले, त्याचा हात कच्चा नव्हता. त्याच समाजाच्या ढालींवर आणि अलंकारांवर तीच वळणे दिसतात. धातू मात्र हळूहळू खरोखरच हलका झाला, कारण सोन्यात चांदी आणि तांबे वाढत गेले. घट कसात झाली, कलेत झालेली नाही.

थ्रेसच्या किनाऱ्याजवळील थासोस बेटाच्या उशिराच्या चतुर्द्राख्मांचेही असेच झाले. 'थासोसवासीयांचा त्राता हेराक्लीस' हा मजकूर शेवटच्या अनुकरणांत केवळ ठिपक्यांच्या ओळी होऊन राहतो.

११. कॉरिंथच्या पंखवाल्या घोड्याची नाणी अनेक शहरांनी काढली. तीही अनुकरणेच ना?

ती अनुकरणे मानू नयेत. अँब्रेकिया, ल्यूकस, ॲनॅक्टोरियन या कॉरिंथच्या वसाहती होत्या. त्यांनी मातृनगरीचेच रूप आणि वजन घेतले, मात्र घोड्याखाली स्वतःचे अक्षर घातले. कॉरिंथचे अक्षर 'कोप्पा' हे असते. हे उघडपणे वाटून घेतलेले चलन होते. अक्षर न पाहता सर्व नाणी कॉरिंथच्या खात्यावर मांडली जातात, तेवढे टाळावे.

१२. बॅक्ट्रिया आणि काबूलकडच्या ग्रीक राजांची नाणी त्यांच्या मृत्यूनंतर कोणी पाडली?

ज्यांनी त्यांची राज्ये घेतली त्यांनी. बॅक्ट्रियाचा, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानकडचा, ग्रीक राजा हेलिओक्लीस याच्या चांदीच्या चतुर्द्राख्माची अनुकरणे पुढे तेथे आलेल्या भटक्या टोळ्यांनी तांब्यात केली. काबूल खोऱ्यातला शेवटचा ग्रीक राजा हर्मेयस याचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्याच्या नावाची नाणी त्याच्यानंतर दीर्घकाळ निघत राहिली, त्यांतली चांदी कमी होत होत अखेर तांबेच उरले आणि राजाचा चेहरा फुगीर व ठोकळेबाज झाला. शेवटी कुशाण राजा कुजुल कडफिसेस याने पुढच्या बाजूला हर्मेयसचा चेहरा व नाव ठेवून मागे खरोष्ठी लिपीत स्वतःचे नाव घातले. येथे शैलीच्या ऱ्हासाबरोबर धातूचाही कस मोजला तर कालक्रम पक्का होतो. प्रश्न ६ मधला नियम येथेही लागू आहे.

१३. महाराष्ट्राचा ग्रीक नाण्यांशी खरोखर काही संबंध आहे का?

आहे, आणि तो अनुकरणाच्याच वाटेने आहे. इ.स.च्या पहिल्या शतकातले एरिथ्रियन समुद्राचे प्रवासवर्णन सांगते की, भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर यांची ग्रीक अक्षरांची जुनी द्राख्मे तेव्हाही चालत होती. हा मिनँडर म्हणजे बौद्ध परंपरेतला मिलिंद. याच परिसरात शक क्षत्रपांपैकी क्षहरात वंशाचा नहपान याने चांदीची नाणी पाडली. आकार व वजन इंडो-ग्रीक द्राख्मासारखे, पुढे राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे. ती अक्षरे वाचली तर 'रञ्ञो क्षहरातस नहपानस' अशी आपल्याकडचीच भाषा निघते. मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख, बाण व वज्र.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे अशा नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा मिळाला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचा चैत्य उमटलेला पाहिला की सत्तांतर हाताला लागते. या साठ्यातले चेहरेही एकसारखे नाहीत. वय, नाक आणि गालांची ठेवण इतकी बदलते की हा एकच माणूस आहे काय, असा प्रश्न अभ्यासकांना पडला. प्रश्न १ मध्ये सांगितलेल्या 'अनेक हातां'चे इतके विपुल उदाहरण आपल्याच मातीत मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

नहपानानंतर कार्दमक क्षत्रपांच्या नाण्यांवर ब्राह्मी लेख आणि पुढे शक संवताचे आकडे स्पष्ट राहिले, पण ग्रीक अक्षरे हळूहळू अर्थहीन रेघांची किनार बनली. सातवाहनांनीही याच धर्तीवर चेहऱ्याची चांदीची नाणी काढली. यज्ञश्री सातकर्णीचे असे एक नाणे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले. गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसरा याने क्षत्रपांचे राज्य जिंकल्यावर पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवरही त्या ग्रीक रेघांचे अवशेष आहेत. नंतर त्रैकूटकांनी आणि कलचुरी कृष्णराजाने हाच चेहरा चालवला. 'द्राख्मा' हा शब्दही टिकला. कोकणातल्या शिलाहारांच्या लेखांतला 'द्रम्म' तोच, आणि आपण बाजारात मोजतो तो 'दाम'ही तोच.

१४. आधुनिक बनावट नाणे घरच्या घरी ओळखता येते का?

काही प्रमाणात येते. ओतीव नाण्याचा पृष्ठभाग भिंगाखाली बारीक छिद्रांचा आणि साबणासारखा मऊ दिसतो, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि कडेवर जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा सापडतात. हाताने पाडलेल्या दोन नाण्यांचा ठसा एक असू शकतो, पण चकतीचा आकार, छेद आणि ओरखडे कधीच एक नसतात. म्हणून सर्व खोडांसकट तंतोतंत जुळणारे जुळे नाणे दिसले तर निदान एक तरी ओतीव आहे. वजन पाहावे, पण त्यावरच विसंबू नये.

ठसे कोरून पाडलेली बनावट नाणी ओळखणे फार कठीण असते. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२ ते १८३०) या जर्मन कारागिराने कोरलेले ग्रीक ठसे मोठमोठ्या जाणकारांना चकवून गेले. त्याला पकडून देते ती शैलीच. तो ग्रीक देवीचा चेहरा कोरत होता, पण सौंदर्याची कल्पना त्याच्या स्वतःच्या काळाची होती, आणि ती ओठांत व हनुवटीत उतरली. केल्टिक किंवा अरबी अनुकरण करणाऱ्यानेही स्वतःचा काळ नाण्यात उतरवला होता, मात्र त्याला तो लपवायचा नव्हता.

१५. शेतात किंवा जुन्या घराच्या पायात असे नाणे सापडले तर काय करावे?

प्रथम ते घासू नये, चिंचेने किंवा राखेने उजळू नये, सोनाराकडे वितळवायला तर मुळीच देऊ नये. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. साठा असेल तर नाणी वाटून घेऊ नयेत. कोणते नाणे कोणत्या नाण्याबरोबर, कोणत्या भांड्यात आणि किती खोलीवर होते, याची नोंद व छायाचित्रे जागेवरच करावीत. झिजलेली, रेघांची, अक्षरे न लागणारी नाणीही वेगळी काढू नयेत. साठ्याचा काळ आणि त्यातल्या अनुकरणांचा क्रम पुष्कळदा त्यांच्यावरूनच लागतो.